तासिकेवरचे बघेले सर

दुर्गेश बघेलेला जगातल्या निम्म्या माणसांची कीव यायची आणि उरलेल्या निम्म्यांचा तिटकारा. तिटकारा यावा अशी माणसं शोधायला त्याला लांब जावं लागत नसे. सकाळी दवनीवाड्याहून मोटारसायकल काढली की पाऊण तासात तो त्यांच्यात पोचायचा. धानाच्या बांध्यांना लागून उभ्या असलेल्या कै. केशोराव पाटील कला महाविद्यालयात ती सगळी एका छताखाली बसलेली असत, आणि त्या बसण्याबद्दल सरकार त्यांना दर महिन्याला पगार देई.

दुर्गेशला पगार नव्हता. तो तासिकेवर होता. ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांना हे समजावून सांगायला हवं. जितके तास वर्गावर, तितक्याच तासांचा मेहनताना. दिवाळीची सुट्टी लागली, उन्हाळा लागला, की माणूस नोकरीतून आपोआप गळतो. जुलैत पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. टेबलापलीकडे तीच तीन माणसं, आणि मार्चपर्यंत ज्याच्याबरोबर रोज चहा प्यायला त्यालाच गंभीर तोंड करून विचारणार, "आपला परिचय द्या." अकरा वर्षं दुर्गेश आपला परिचय देत होता.

या महाविद्यालयात कलेला मात्र तोटा नव्हता. भित्तिपत्रकाचं उद्घाटन फीत कापून व्हायचं, आणि फितीमागे नेटवरून उतरवलेल्या चार कविता असायच्या, त्यातल्या दोन एकच. एकदा आंतरराष्ट्रीय चर्चासत्र झालं. आंतरराष्ट्रीय एवढ्यासाठी, की नेपाळातले कोणी गृहस्थ पडद्यावर सहा मिनिटं दिसले. त्यांचा आवाज शेवटपर्यंत आला नाही, तरी आभार मानले गेले. फोटोवर जागा आणि वेळ आपोआप उमटवणारं अ‍ॅप आल्यापासून तर कार्यक्रम करायचीही फारशी गरज उरली नव्हती. बॅनर लावा, रांगेत उभे राहा, फोटो काढा, बॅनर गुंडाळा. या सगळ्याचे अहवाल लिहायचं काम दुर्गेशकडे होतं. 'विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव मिळाला' हे वाक्य त्यानं इतक्या वेळा लिहिलं होतं, की ते लिहिताना तो खिडकीतून बाहेरच्या बांधीतले बगळे मोजायचा.

मराठी विभागाचे प्रमुख होते डॉ. चुन्नीलाल रहांगडाले. झाडीपट्टीच्या लोककलांवर त्यांची पीएच.डी. होती, आणि झाडीपट्टीतली एकही दंडार त्यांनी आयुष्यात पुरी ऐकलेली नव्हती. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. भर दुपारी मैदानात दंडार उभी राहते. ढोलकी, टाळ, धोतर-फेट्यातले गडी, मधूनच लुगडं नेसून ठुमकत आलेला एखादा मिशीवाला, गाणी, सोंगं आणि गावातल्या मोठ्या माणसांची यथेच्छ टिंगल. रहांगडाले सरांना उद्घाटनाला बोलावणं असायचं. ते नारळ फोडायचे, शाल घ्यायचे, "ही आपली माती आहे" असं सांगायचे, आणि पहिलं गाणं रंगात यायच्या आत गाडीत बसून पुढच्या मंडईला निघायचे. एका दिवसात चार मंडया आणि चार शाली. लोककलेतला नारळ तेवढा सरांना नीट समजला आहे, असं दुर्गेशचं मत होतं.

हे मत त्यानं सरांना कधी सांगितलं नाही. सर हसले की तो हसायचा. सर बोलायला लागले की त्याची मान आपोआप डाव्या बाजूला कलायची आणि हात पाठीमागे जायचे. माणसांच्या माघारी त्यांची सालटी काढणं एवढी एकच चैन त्याला परवडत होती, आणि ती तो घरी जेवताना करायचा. मंजू, त्याची बायको, पोळ्या लाटता लाटता हसून बेजार व्हायची. तिला आता महाविद्यालयातला एकूण एक माणूस न पाहता ठाऊक झाला होता.

"तुमी त्याईच्या तोंडावर काऊन नाही बोलत?" ती विचारायची.

"बोलीन. दिवस येऊ दे."

असा तो जन्मला नव्हता. बी.ए.ला असताना त्यानं लिहिलेली एकांकिका नागपुरात गाजली होती. आपण लिहिणार, एवढंच त्याला तेव्हा माहीत होतं. मग तासिका सुरू झाल्या. पहिली दोन वर्षं तो सुट्टीत लिहायचा, पुढे नुसता लिहायचं म्हणायचा, आणि गेली सहा वर्षं म्हणतही नव्हता. स्वतःच्या वाट्याची शाई अहवालात घालवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ओळी वाईट निघाल्या की एक प्रकारचं सुख होतं. तेवढ्या सुखावर दुर्गेशचं चाललं होतं.

मग दुसऱ्या वर्षाच्या वर्गात रीना मडावी आली. बोदलकसाच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या गावची. बाप मनिराम जंगलखात्याच्या कामावर मजूर, आणि मंडईत दंडारीचा गाणारा. पोरगी शेवटच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. ऑगस्टातल्या एका दुपारी तिनं वहीची बारा पानं त्याच्या टेबलावर ठेवली.

"सर, दंडार लिवली. पोरीयची."

"पोरींची? दंडार तर गडी करतात."

"म्हणूनच लिवली," ती म्हणाली.

तिनं नाव ठेवलं होतं 'गाळ'. गावच्या तलावात गाळ साचलाय, आणि तो कोणी काढायचा यावर गावातले पुरुष तलावाच्या बांधावर बसून मीटिंग घेताहेत. धोतरं नेसून, काजळानं मिशा काढून सात पोरीच ते पुरुष झालेल्या. पान खाऊन बोलतात, खोकून बोलतात, ठराव मांडतात, ठरावाला दुरुस्ती मांडतात. मीटिंग संपते तेव्हा मागं वळून पाहतात तर बायांनी गाळ काढून नेलेला असतो. मग गडी त्या तलावाचं उद्घाटन करतात.

पहिल्या पानावर दुर्गेश सवयीनं चुका शोधत होता. चौथ्या पानावर तो मोठ्यानं हसला. नवव्या पानावर त्याला मत्सर वाटू लागला, आणि बारावं पान संपलं तेव्हा मत्सर करायलाही त्याच्यापाशी जोर उरला नव्हता. पोरगी लिहिणारी होती. ते त्याच्याइतकं त्या इमारतीत दुसऱ्या कोणालाच कळलं नसतं.

विद्यापीठाचा युवा महोत्सव महिन्यावर आला होता. दुर्गेशनं सात पोरी गोळा केल्या आणि तालमी घेतल्या. मनिरामला बोलावून ढोलकीचे बोल बसवले. त्या तीन आठवड्यांत त्यानं घरी एकाही माणसाची सालटी काढली नाही. मंजूनं दोनदा विचारलं, "तब्येत बरी हाये ना तुमची?"

तालमीच्या शेवटच्या दिवशी रहांगडाले सरांनी त्याला खोलीत बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला म्हणजे काम मोठं होतं.

"बघेले, ये तो मस्त हो गया," सर म्हणाले. "आता असं करू, फॉर्मवर लेखक म्हणून माझं नाव टाकू. माझी प्रमोशनची फाईल अडून राहिली ना, त्यात एवढंच कमी आहे. पोरीला काय, भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळतेच. तुम्ही संघाचे प्रमुख आहात, एक पत्र देऊन टाका. संहिता माझी आहे आणि तुमच्यासमोर लिहिली, बस."

"सर, पण ते तिनं…"

"घ्या ना, चहा घ्या. तुमची यंदाच्या नेमणुकीची ऑर्डर अजून सहीला पडली आहे. प्राचार्य साहेब विचारत होते, मराठीला तासिकेवर दोन माणसं लागतात का एक. मी म्हटलं, बघेले आपला माणूस आहे."

दुर्गेशची मान डाव्या बाजूला कलली. त्यानं चहा घेतला. मग संगणकावर बसून ते पत्र त्यानं स्वतःच टाईप केलं, कारण सरांना अनुस्वार कुठे द्यायचा ते कळत नसे. पत्र निर्दोष झालं. त्याखाली त्यानं सही केली.

आता दंडारीची एक रीत आहे. गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालतो. त्याला छाप म्हणतात. छाप ऐकली की हे कोणाचं ते मंडईतल्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि जिवंत माणसाची छाप काढून तिथे दुसऱ्याची घालणं म्हणजे त्याच्या बायकोला आपली म्हणण्याइतकं वाईट समजतात. रीनानंही शेवटी घातलं होतं:

गाळ काढला बायायनं, फोटोत उभा पुढारी,
मडाव्यायची रीना सांगे, पाहिली गंमत सारी.

रहांगडाले सरांनी संहिता चाळली होती. शेवटचं पान आलं तेव्हा त्यांचा फोन वाजला असावा. कडवं जागच्या जागी होतं, आणि ज्यांनी लोककलेवर चारशे पानं लिहिली त्यांना ते तिथे असतं हेच माहीत नव्हतं. दुर्गेशच्या लक्षात आलं आणि तो गप्प राहिला. त्याला फार बरं वाटलं. विद्यापीठाच्या मंचावर सात पोरी खणखणीत आवाजात लेखिकेचं नाव गातील, सर खाली बसून टाळ्या वाजवतील, आणि दुर्गेश बघेलेनं यात काही म्हणता काही केलेलं नसेल. असलं बंड त्याला झेपण्यासारखं होतं.

रीनाला त्यानं एवढंच सांगितलं, "फॉर्मवर सरांचं नाव जातं. विभागप्रमुखांचं टाकायचा नियम असतो."

"नियम हाये काय, सर?"

"हो."

"मंग ठीक." ती जरा थांबली. "शेवटचं कडवं कसं गायाचं?"

"आहे तसंच गा," दुर्गेश उदार मनानं म्हणाला.

महोत्सवात 'गाळ' उभी राहिली आणि पहिल्या पाच मिनिटांत सभागृह हातात आलं. मागच्या रांगांतली पोरं खुर्च्यांवर चढली. मनिरामची ढोलकी अशी काही लागली की दुसऱ्या संघांचे वादक पडद्याआडून येऊन ऐकत राहिले. शेवटचं कडवं आलं. पोरींनी ते दोनदा गायलं. दुर्गेशच्या शेजारी बसलेले रहांगडाले सर टाळ्या वाजवत म्हणाले, "अरे वा, क्या बात है."

परीक्षकांत एक भंडाऱ्याकडचे जुने शाहीर होते. उमर सत्तरीची, कान ताजे. प्रयोग संपल्यावर त्यांनी लेखकाला टेबलाशी बोलावून घेतलं. रहांगडाले सर गेले आणि दुर्गेशला बरोबर घेऊन गेले. पोरी दोन पावलांवर उभ्या होत्या. रीना रुमालानं काजळाची मिशी पुसत होती.

"अर्जावर लेखक तुमी हाव," शाहीर म्हणाले. "मंग छाप मडाव्यायच्या रीनाची कशी?"

रहांगडाले सरांना प्रश्नच कळला नाही. पाठांतर न केलेलं पोर शेजारच्याकडे पाहतं तसं त्यांनी दुर्गेशकडे पाहिलं. शाहिरांनीही पाहिलं.

मंजूला ज्या दिवसाचं आश्वासन त्यानं अकरा वर्षं दिलं होतं तो असा समोर येऊन उभा राहिला. काहीच करायचं नव्हतं. बोट दाखवून "ही ती रीना" म्हणायचं, एवढंच. तीन शब्द. पण शाहिरांच्या पुढ्यात, अर्जाला टाचलेलं, त्याच्या सहीचं ते पत्र होतं. सहीला पडलेली ऑर्डर होती. रहांगडाले सर बोलत नव्हते तरी दुर्गेशचे हात पाठीमागे गेले.

"शाहीर, रीना हे त्यातलं पात्र आहे," तो म्हणाला. "सरांनी कल्पिलेलं. तशी कोणी मुलगी नाही."

दोन पावलांवरचा रुमाल थांबला. अर्धी मिशी तशीच राहिली.

शाहिरांच्या हातात भाग घेणाऱ्यांची यादी होती. चौथ्या ओळीत रीना मनिराम मडावी असं लिहिलेलं होतं. त्यांनी यादी पाहिली, दुर्गेशकडे पाहिलं, आणि पाहण्यासारखं तिथे काही नाही असं ठरवून कागद पालथा ठेवला. मग त्यांनी पुढच्या संघाला हाक मारली.

'गाळ'ला पहिलं बक्षीस मिळालं. उत्कृष्ट लेखनाचं डॉ. रहांगडाले यांना. महाविद्यालयात सत्कार झाला, शाल पडली, जागा आणि वेळ उमटलेले फोटो निघाले. अहवाल दुर्गेशनं लिहिला. त्याची ऑर्डर त्याच आठवड्यात सही होऊन आली. मंजूला त्यानं जेवताना सगळी हकिकत सांगितली: सर कसे बावळटासारखे बघत राहिले, छाप म्हणजे काय हे डॉक्टरला कसं ठाऊक नव्हतं, कडवं आपण कसं मुद्दाम राहू दिलं. मधलं एक वाक्य त्यानं गाळलं. मंजू पोट धरून हसली.

रीना वर्गात येतच होती. तक्रार नाही, रडणं नाही. ती तक्रार घेऊन येईल म्हणून दुर्गेशनं उत्तरं तयार ठेवली होती: घर, पोट, व्यवस्था, जगात असंच चालतं. ती उत्तरं तशीच पडून राहिली. पोरगी शेवटच्या बाकावरून त्याच्याकडे बघायची, टक लावून, जसं कोणी नक्कल उतरवताना बघतं. त्याला वाटायचं, विसरली असेल. असल्या पोरींना असल्या गोष्टींची सवय असते, असंही त्याला वाटलं, आणि असं वाटणारा माणूस तिटकारा यायच्या लायकीचा आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही.

दिवाळी झाली. भाऊबीजेला मंजूला माहेरी न्यायचं होतं. तिचं माहेर बोदलकसाच्या अलीकडे, रीनाच्या गावापासून दोन कोसांवर. तिथल्या बाया म्हणाल्या, त्या गावच्या मंडईत यंदा पोरीयची दंडार हाये. दुर्गेश म्हणाला, डोकं दुखते. मंजू म्हणाली, "तुमच्याच पोरी त हायेत! चाला." त्याला जावं लागलं.

मैदान खच्चून भरलं होतं. जिलेबीची कढई, फुगेवाला, बांगड्यांची दुकानं, आणि मधोमध माणसांचं कडं. दुर्गेश मंजूला घेऊन कड्याच्या मागच्या बाजूला उभा राहिला. 'गाळ' झाली. गाव लोळून हसलं. मग मनिरामनं ढोलकीवर वेगळा ठेका धरला आणि रीना नवं सोंग घेऊन आत आली.

पांढरा शर्ट पँटीत खोचलेला. खिशाला लाल पेन. मनगटावर थाळीएवढं पुठ्ठ्याचं घड्याळ. दुसरी एक पोरगी साहेब होऊन खुर्चीत बसली होती. रीना तिच्यापुढे जाऊन उभी राहिली, हात पाठीमागे घेतले, आणि पोरी गायला लागल्या:

घड्याळ पाहून उठते मास्तर, घड्याळ पाहून बसते,
साहेब हासला खुर्चीमंदी, मास्तर दारात हासते.

कड्यात हशा फुटला. साहेबानं विचारलं, "मास्तर, पाऊस पडून राहिला काय?" मास्तरनं घड्याळ पाहिलं. "तुमी म्हणान तसं, साहेब." साहेबानं एका पोरीकडे बोट केलं. "मास्तर, हे पोट्टी कोण?" मास्तरनं घड्याळ पाहिलं, पोट्टीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. "कोणती पोट्टी, साहेब? इथं कोणी नाही." ती पोरगी मास्तरच्या तोंडापुढे टाळ वाजवायला लागली. मास्तर म्हणाला, "वारा सुटला वाटते, साहेब."

म्हातारे टोप्या उडवत होते. दुर्गेश ऐकत राहिला. रचनेत शब्द जास्त नव्हता की कमी नव्हता. एवढं चांगलं तिनं अजून काही लिहिलेलं नव्हतं, आणि हे त्याला कळल्याशिवाय राहिलं नाही.

मंजूच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं होतं. पदरानं डोळे पुसत तिनं त्याच्या हाताला धरलं. "कोण हो हा मास्तर? तुमच्याच कालेजातला दिसते. याची गोष्ट नाही सांगतली तुमी कदी."

दुर्गेश म्हणाला, "रहांगडाले सर आहेत."

मंजू पुन्हा हसायला लागली. मैदानात मास्तरनं साहेबाचं ऐकायला मान डाव्या बाजूला कलती केली, आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. ती तिकडे बघत होती. मग तिनं वळून शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"रहांगडाल्याले घड्याळ कायले लागते?" ती म्हणाली.

मंजूनं त्याचा हात सोडला आणि माणसांतून वाट काढत ती पुढे बायांमध्ये जाऊन बसली.